रविवारी सगळ्यांना गोलात बसवण्याआधी

वाचकाचा प्रश्न (ओळख पटेल असे तपशील वगळून, थोडक्यात)

आमचा हौशी नाट्यगट अकरा वर्षं चालू आहे. सभासद ३४, कामकाज पाहायला सात जणांची समिती, आणि मी सचिव. गटातल्या एका तरुणीने आमच्या ज्येष्ठ दिग्दर्शकांना विश्वासाने सांगितलं होतं की तिचे नैराश्यावर उपचार सुरू आहेत. नव्या नाटकाची पात्रनिवड चालू असताना त्यांनी समितीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं, ‘तिची औषधं चालू आहेत, मुख्य भूमिका नको, ऐन प्रयोगाला अडचण होईल.’ दिग्दर्शकही समितीतच आहेत. कोणीतरी त्या मेसेजचा स्क्रीनशॉट काढला, तो गटभर फिरला आणि तिच्यापर्यंत पोचला. तीन आठवडे ती आलेली नाही. निम्मे लोक म्हणतात, दिग्दर्शकांना काढा. निम्मे म्हणतात, माणूस मोठा आहे, एक चूक झाली, सोडून द्या. दिग्दर्शकांना वाईट वाटतंय, तसं ते मला खासगीत म्हणाले. पुनर्स्थापक न्यायाच्या, म्हणजे शिक्षेपेक्षा झालेली इजा भरून काढण्यावर भर देणाऱ्या, पद्धतीबद्दल मी थोडं वाचलं आहे. येत्या रविवारी सगळ्यांना गोलात बसवावं, दोघांना बोलू द्यावं, त्यांनी माफी मागावी, तिने मन मोकळं करावं आणि विषय तिथेच संपवावा, असा माझा बेत आहे. प्रयोग दोन महिन्यांवर आलाय. हे जमेल का?

उत्तर

रविवारची बैठक आधी रद्द करा, मग पुढचं वाचा.

‘काढून टाका’ आणि ‘सोडून द्या’ या दोनच वाटा आहेत असं तुम्ही मानलं नाहीत, आणि तीनशे लोकांची संस्था असो वा तीस जणांचा गट, एवढं सुचणारी माणसं थोडी असतात. पण तुमच्या बेतात ती स्वतः कुठेच नाही. दिग्दर्शकांना काय वाटतं ते पत्रात आहे, दोन्ही तटांचं म्हणणं आहे, तुमची इच्छा आहे, प्रयोगाची तारीखसुद्धा आहे. तिला काय हवंय यावर एकही ओळ नाही. तिला अजून कोणी विचारलेलंच नसावं. जिची खासगी गोष्ट न विचारता ३४ जणांपुढे गेली, तिला पुन्हा न विचारता त्याच ३४ जणांपुढे बसवायचं, हे बेताचं स्वरूप आहे. गोल करून बसल्याने ते बदलत नाही.

पुनर्स्थापक न्यायाच्या पद्धतीचा गाभा तीन प्रश्नांत आहे. कोणाला काय सोसावं लागलं? त्यांना आता कशाची गरज आहे? आणि ती गरज पुरी करण्याची जबाबदारी कोणाकोणाची? आजच्या काळातली या पद्धतीची सुरुवात बहुतेक वेळा कॅनडाच्या ऑन्टॅरिओ प्रांतातल्या एल्मायरा गावातून सांगितली जाते. तिथे १९७४ मध्ये दोन तरुणांनी एका रात्रीत २२ ठिकाणी तोडफोड केली. न्यायाधीशांनी त्यांना ज्यांचं नुकसान झालं त्यांच्या दारात जायला लावलं. ते गेले, लोकांचं ऐकून घेतलं आणि भरपाई केली. ही गोष्ट सांगताना एक तपशील गाळला जातो: दारावर थाप मारण्याआधी दोघांनी गुन्हा कबूल केलेला होता. आधी कबुली, मग भेट. तुमच्याकडे आत्ता ‘वाईट वाटतंय’ एवढंच आहे, तेही खासगीत. वाईट नक्की कशाचं वाटतंय? लिहिल्याचं, की ते बाहेर फुटल्याचं? या दोन्हींत फार अंतर आहे.

आता दुसरं गृहीतक. तुम्ही हा दोन माणसांमधला प्रसंग म्हणून मांडला आहे. माझ्या मोजणीत इजा तीन ठिकाणी झाली. दिग्दर्शकांनी विश्वासाने कळलेली गोष्ट समितीत उघड केली आणि ती तिच्याच विरोधात वापरली. समितीतल्या उरलेल्या सहा जणांनी ते वाचलं, आणि पत्रावरून दिसतं ते असं की ‘हे इथे लिहायला नको होतं’ असं कोणी म्हटलं नाही. मग कोणीतरी स्क्रीनशॉट बाहेर काढला. कदाचित तिची बाजू घ्यायलाच काढला असेल, पण सात जणांना माहीत असलेली गोष्ट त्यामुळे सगळ्या गटाला कळली. तिच्या दृष्टीने ही तिसरी इजा पहिलीहून मोठी असू शकते.

सचिव म्हणून तुम्ही त्या सहा जणांत आहात. हे दोष द्यायला सांगत नाही. पण यामुळेच ही प्रक्रिया चालवणारे तुम्ही असू शकत नाही. मध्यस्थाच्या खुर्चीत बसलात तर स्वतःच्या मौनाबद्दल बोलायची जागा तुम्हाला उरणार नाही, आणि ती जागा तुम्हाला लागणार आहे. नॉर्वेचे गुन्हेशास्त्रज्ञ निल्स क्रिस्टी यांनी १९७७ मध्ये मांडलं होतं की वाद हा ज्यांचा असतो त्यांच्याकडून तज्ज्ञ आणि अधिकारी तो काढून घेतात. छोट्या गटात हे काम पदाधिकाऱ्यांकडून होतं, आणि तेही निव्वळ कळकळीपोटी.

पहिला आठवडा: आणखी इजा थांबवणं

गटाला एकच संदेश जाऊ द्या: ‘एका सभासदाची खासगी माहिती आपल्या गटात फिरली आहे. ज्यांच्याकडे ती आहे त्यांनी ती पुसावी, पुढे पाठवू नये, त्यावर आपापसात चर्चा करू नये.’ नाव नको, मजकूर नको, ‘झाल्या प्रकाराबद्दल’ म्हणून खुलासा नको. मात्र हा संदेश पाठवण्याआधी मूळ मेसेजची एक प्रत तिच्याकडे आहे याची खात्री करून घ्या. पुढे तिला रीतसर तक्रार करायची असेल तर तो पुरावा आहे, आणि तो पुसायला लावणं म्हणजे तिचा मार्ग बंद करणं.

त्या मेसेजच्या आधारावर झालेली पात्रनिवड थांबवा. ती तशीच पुढे रेटली तर तुम्ही कितीही हळुवार बोललात तरी निर्णय दिग्दर्शकांच्याच बाजूने लागला, असंच तिला दिसेल. प्रयोग पुढे ढकलावा लागेल का? बहुधा हो. अशा प्रक्रियेला सहा ते दहा आठवडे धरून चाला. प्रयोगाच्या तारखेचं घड्याळ भिंतीवर असलं की मध्यस्थांपासून सगळ्यांचीच घाई सुरू होते, आणि त्या घाईचा भार सर्वात दुखावलेल्या माणसावर पडतो.

दिग्दर्शकांना सांगा की तिच्याशी संपर्क करू नका. फोन नको, लांबलचक मेसेज नको, मैत्रिणीच्या हाती चिठ्ठीही नको. अचानक आलेल्या माफीला काहीतरी उत्तर द्यावं लागतं आणि न दिलं तर ‘तिनेच ताणून धरलं’ असं बोललं जातं.

मध्यस्थ कोण

दोघं हवेत. एकाने बोलणं पुढे न्यायचं, दुसऱ्याने खोलीकडे लक्ष ठेवायचं: कोण गप्प झालंय, कोणाचा श्वास चढलाय, कधी थांबायला हवं. दोघंही तिच्या किंवा दिग्दर्शकांच्या जवळचे नकोत, आणि दिग्दर्शकांच्या हाताखाली ज्यांना पुढे काम मिळायचंय असेही नकोत. ३४ जणांच्या गटात अशी माणसं मिळणं कठीण आहे, तेव्हा बाहेर पाहा. दुसऱ्या एखाद्या गटातला अनुभवी माणूस, प्रशिक्षित मध्यस्थ, गटांबरोबर काम केलेला समुपदेशक चालेल. पण तिच्यावर उपचार करणारी व्यक्ती या कामाला घेऊ नका. नावं ठरल्यावर आधी तिला विचारा. तिने एखादं नाव नाकारलं तर कारण विचारू नका.

वेगवेगळ्या भेटी, आणि खरं काम तिथेच

सगळे समोरासमोर बसतात तो भाग एकूण कामाचा फार तर चौथा हिस्सा असतो. उरलेला सगळा वेळ तयारीचा. प्रत्येक बाजूबरोबर कमीत कमी दोन स्वतंत्र भेटी, प्रत्येकी तासा-दीड तासाच्या, आणि दोन भेटींमध्ये आठवडाभर तरी जाऊ द्यायचा, कारण पहिल्या भेटीत माणूस घटना सांगतो आणि तिचा परिणाम काय झाला हे त्याला मागाहून सुचतं.

तिच्याबरोबरच्या भेटीत जागा आणि वेळ तिने ठरवावी, हवं तर सोबत कोणीतरी आणावं. ‘त्यांना काय शिक्षा व्हावी असं वाटतं?’ हा प्रश्न टाळा, त्याने ओझं तिच्या डोक्यावर जातं. विचारायचं ते असं: हे कळलं तेव्हा काय झालं? तेव्हापासून काय काय बदललं? सर्वात कठीण काय गेलं? काय झालं तर थोडं बरं वाटेल? या गटात परत यायचं आहे, नाही, की अजून ठरवलेलं नाही? शेवटच्या प्रश्नाची तिन्ही उत्तरं बरोबर आहेत. ती परत आली तरच प्रक्रिया यशस्वी, असं मनात धरलंत तर ते तिला पहिल्या दहा मिनिटांत जाणवेल.

‘तुमचा आजार’, ‘तुमची अवस्था’ असले शब्द मध्यस्थांनी वापरू नयेत. ती दुखावली आहे कारण तिचा विश्वास मोडला. तिच्या उपचारांकडे बोट दाखवून तिची प्रतिक्रिया समजावायला गेलात तर दिग्दर्शकांनी केलं तेच पुन्हा होईल. त्याचबरोबर या दिवसांत तिच्यासोबत कोण आहे, तिला आधार आहे ना, हे साधेपणाने विचारायलाच हवं.

दिग्दर्शकांच्या भेटीत ‘का केलंत?’ असं विचारलं की माणूस स्पष्टीकरणं रचतो. त्याऐवजी: काय झालं? त्या वेळी मनात काय चाललं होतं? नंतर काय वाटलं? याचा परिणाम कोणाकोणावर झाला? तो दुरुस्त करायला तुम्ही काय कराल? त्यांनाही सोबतीला एक माणूस आणू द्या, मात्र त्यांची चूक त्यांना स्पष्ट सांगू शकेल असा. कोपऱ्यात सापडलेला माणूस स्वतःचा बचाव करतो, इतरांचं ऐकत नाही. कृत्याला ठाम ‘नाही’ म्हणायचं आणि माणसासाठी दार उघडं ठेवायचं, हे दोन्ही एकाच वेळी करावं लागतं. फक्त दार उघडं ठेवलं तर ती सोडवणूक होते, आणि फक्त ‘नाही’ म्हटलं तर तो माणूस आपल्या गोटात जाऊन बसतो.

त्यांची तयारी झाली आहे का, हे ओळखायला एक साधी कसोटी आहे. घडलेली गोष्ट त्यांनी आपल्या शब्दांत, ‘पण’ न वापरता सांगावी. ‘मी लिहिलं, पण नाटकाच्या भल्यासाठी’ किंवा ‘ते फुटलं नसतं तर’ असं येत असेल तर समोरासमोरची भेट अजून नको. त्यांनी घटना साफ नाकारली किंवा चुकीचं काहीच नव्हतं असं म्हटलं तर ती भेट होऊच नये.

यात भाग घेणं दोघांनाही ऐच्छिक आहे. मात्र ऐच्छिकचा अर्थ दिग्दर्शकांना नीट समजावून सांगा: प्रक्रियेला नकार दिला म्हणून शिक्षा होणार नाही, पण पात्रनिवडीचे अधिकार त्यांच्याकडे राहावेत की नाही हे गट तरीही ठरवेल. हे लपवून ठेवलं आणि नंतर ठरवलं तर ती फसवणूक होईल.

गुप्ततेचा करार आधी, बाकी सगळं नंतर

इथे इजाच गुप्तता मोडल्याची आहे, म्हणून यावर जास्त वेळ घालवा. पहिल्या भेटीपूर्वी अर्ध्या पानावर लिहून काढा: भेटीतलं काय मध्यस्थांपाशीच राहील, काय दुसऱ्या बाजूला सांगता येईल (प्रत्येक वेळी विचारून), आणि गटाला शेवटी काय कळेल. टिपणं कागदावर, एकाच माणसाकडे, आणि ती कधी नष्ट करायची ती तारीखही लिहायची. या कामासाठी नवा व्हॉट्सॲप ग्रुप काढू नका. ‘सगळं गुप्त राहील’ असं वचनही देऊ नका. कोणाच्या जिवाला धोका दिसला तर बोलावं लागेल, हे सुरुवातीलाच सांगून ठेवा.

समोरासमोर, जर तिला हवं असेल तर

सहा ते दहा माणसं पुरेत. ती आणि तिची सोबत, दिग्दर्शक आणि त्यांची सोबत, दोन मध्यस्थ, समितीतर्फे एक-दोघं. पूर्ण गट नको. चौतीस जणांसमोर माफीचं नाटक होतं आणि ‘नाही, मला हे पुरत नाही’ म्हणायची तिला सोय राहत नाही. खुर्च्या गोलात, मध्ये टेबल नको, फोन खोलीबाहेर. दाराजवळची जागा तिची. दोन्ही बाजूंनी पंधरा मिनिटांच्या अंतराने यावं, जाताना ती आधी निघेल. उठून जाता येईल अशी दुसरी रिकामी खोली ठेवा. दोन ते तीन तास धरा, मध्ये विश्रांती.

आधी कोण बोलणार, हे तिने ठरवावं. बऱ्याचदा इजा करणाऱ्याने सुरुवात केलेली बरी असते: त्याची कबुली ऐकल्यानंतर आपलं दुःख मांडणं सोपं जातं, नाहीतर समोरचा ते मान्य करेल की नाही या भीतीतच बोलावं लागतं. काहींना मात्र आपलं म्हणणं आधी, कोणी काही बोलण्याच्या आत, पूर्ण सांगायचं असतं.

माफीचा मसुदा मध्यस्थांनी आधी ऐकावा. तो सुधारून द्यायचा नसतो, त्यातले खड्डे दाखवायचे असतात. ‘कोणाला वाईट वाटलं असेल तर’ मधला ‘तर’ काढायला लावा. काय केलं ते स्पष्ट, त्याने काय झालं ते स्पष्ट, पुढे काय करणार ते स्पष्ट, आणि शेवटी क्षमेची मागणी नाही. ‘आता तरी माफ करशील ना?’ हा प्रश्न एका वाक्यात सगळं उलटवतो. हस्तांदोलन, मिठी, एकत्र फोटो, यांतलं काहीही कोणी सुचवू नये.

या खोलीत सर्वाधिक वेळा बिघडतं ते एकाच जागी. इजा करणारा रडू लागतो आणि सगळे त्याला सावरायला धावतात, ती सुद्धा. अशा वेळी दुसऱ्या मध्यस्थाने रडणाऱ्याला पाच मिनिटं बाहेर न्यावं आणि पहिल्याने तिच्याकडे वळून विचारावं, ‘तुम्हाला आत्ता काय हवंय?’ अश्रू खरे असतील, तरी त्यांनी खोलीचं केंद्र हलवता कामा नये.

ठरावात काय असावं

चार-पाच कलमं, प्रत्येकात कोण, काय, कधीपर्यंत, कोण तपासणार, आणि झालं नाही तर पुढे काय. ‘यापुढे जपून वागेन’ हे तपासता येत नाही, म्हणून ते कलम होऊ शकत नाही. तुमच्या बाबतीत ही कलमं असू शकतात: ज्या समितीच्या ग्रुपवर लिहिलं तिथेच दिग्दर्शकांनी ते विधान मागे घ्यावं, तिने आधी वाचून होकार दिलेल्या शब्दांत. सहा महिने पात्रनिवडीत त्यांचं मत नसावं. समितीने आपल्या मौनाबद्दल तिची वेगळी, लेखी माफी मागावी, तुमच्या सहीनिशी. आणि गटाने नियम करावा की सभासदाच्या प्रकृतीची माहिती त्याने स्वतः मांडल्याशिवाय कोणत्याही निर्णयात येणार नाही. अडचणीची शंका असेल तर थेट त्या माणसालाच विचारायचं, ‘तुला काय सोय लागेल?’ प्रत्येक मोठ्या भूमिकेला पर्यायी कलाकार तयार ठेवला की दिग्दर्शकांची मूळ काळजीही मिटते, आणि ती कोणा एकीवर ढकलावी लागत नाही.

तपासणी दोन आठवड्यांनी, सहा आठवड्यांनी, मग तीन आणि सहा महिन्यांनी. तारखा त्याच दिवशी लिहून टाका. बहुतेक ठराव दुसऱ्या महिन्यात, कोणी विचारत नाही म्हणून, सुटतात.

ती आली नाही तर

तरीही काम होतं. मध्यस्थ निरोप नेऊ-आणू शकतात, ती पत्र लिहू शकते, तिच्या वतीने कोणी बसू शकतं. तिने काहीच नको म्हटलं तरी समितीचं काम उरतंच: नियम, माफी, दिग्दर्शकांचे अधिकार. हे तिच्या सहभागावर अवलंबून ठेवू नका. आणि गटाबाहेर रीतसर तक्रार करण्याचा तिचा हक्क कायम आहे. ‘आपलं आपल्यात मिटवू’ हे वाक्य तिच्यासमोर उच्चारूच नका.

ज्या वाचकांच्या गटात प्रसंग याहून गंभीर आहे त्यांच्यासाठी: मारहाण, लैंगिक अत्याचार, लहान मुलाला इजा, पाठलाग, किंवा अजून चालू असलेली धमकी, यांत गटाने स्वतः अशी बैठक घेऊ नये. आधी सुरक्षितता आणि कायद्याची मदत. मुलांच्या बाबतीत तर अनेक देशांत कळवणं बंधनकारक आहे. कोणाला गटाबाहेर ठेवावं लागलं तर ती सीमा म्हणून ठेवा: किती काळ, कशापासून, कोणत्या अटींवर फेरविचार, हे लिहून. मुदत नसलेली हकालपट्टी झाली की तो माणूस तशाच सवयी घेऊन दुसऱ्या गटात जातो.

उरलेल्या सभासदांशी वेगळं बोलावं लागेल, तपशील न उघडता. त्यांनाही धक्का बसला आहे. ‘आपल्यातलं काही मी कोणाला सांगितलं तर ते कुठवर जाईल?’ हा प्रश्न आज त्या प्रत्येकाच्या मनात असणार. स्क्रीनशॉट कोणी काढला याचा शोध मात्र घेऊ नका. त्या माणसाला स्वतःहून मध्यस्थांकडे येता येईल, एवढं जाहीर करा आणि थांबा.

आज तुमच्या हातात एकच गोष्ट आहे, तिला संदेश. तो साधारण असा असू द्या: ‘तुमची खासगी गोष्ट समितीच्या ग्रुपवर आली तेव्हा मी ती वाचली आणि गप्प बसलो. ते चुकलं. पुढे काय व्हावं हे तुम्हाला विचारल्याशिवाय मी काहीही ठरवणार नाही. बोलायचं असेल तर माझ्याशी किंवा तुम्ही सांगाल त्या व्यक्तीशी बोलता येईल. उत्तर द्यायलाच हवं असं नाही.’ पाठवा आणि फोन बाजूला ठेवा. दोन निळ्या खुणा दिसल्या आणि आठवडाभर काहीच आलं नाही, तरी दुसरा संदेश पाठवू नका; तोवर मध्यस्थ शोधायला लागा.